मोरचुदाचं खातं

जुनी द्राक्षबाग घेताना लोक वेली मोजतात, बोअरला पाणी किती ते बघतात, मांडवाची तार ओढून बघतात. खांबांकडे कोणी बघत नाही. जावईबापू, देवनहळ्ळीजवळ तुम्ही घेतलेल्या बागेचे खांब ग्रॅनाइटचे आहेत, इकडच्या जुन्या बागांना असतात तसेच. त्या दगडांवर वरून खाली निळसर-हिरवे ओघळ उतरलेत. भाचीनं फोटो पाठवला तेव्हा तिला ते शेवाळ वाटलं होतं. शेवाळ नाही ते, तांबं आहे. वर्षानुवर्षं मारलेल्या बोर्डोचं. दगडावर चिकटलं तेवढं डोळ्यांना दिसतं. बाकीचं खाली मातीत गेलंय आणि तिथं ते दिसत नाही.

पावसाळ्याआधी काय तयारी करू, असं तुम्ही फोनवर विचारलंत. औषधांची यादी दुकानदार देईलच, न मागता देईल. मी सांगतोय ते तो सांगणार नाही, कारण त्यात त्याची विक्री कमी होते. माझं आयुष्य तासगावकडच्या काळ्या रानात द्राक्षं पिकवण्यात गेलं आणि म्हातारपणी लेकाकडे बेंगळुरूला आल्यावर इथल्या तांबड्या मातीतल्या बागा बघत हिंडलो. दोन्हीकडचं बघितल्यावर एक गोष्ट पक्की झाली. तुम्हाला संगणकावर तक्ते मांडायची सवय आहे, तेव्हा एक तक्ता तांब्याचा मांडा. बागेत किती फवारण्या झाल्या ते लिहून भागत नाही. एकरी किती ग्रॅम तांबं पडलं ते लिहा.

कारण सांगतो. बाकीची बहुतेक औषधं उन्हानं, पाण्यानं, मातीतल्या जिवाणूंनी हळूहळू मोडतात. तांबं मूलद्रव्य आहे, ते मोडत नाही. वाऱ्यावर उडत नाही, पावसाबरोबर फारसं खोलही जात नाही. मातीतल्या चिकणकणांना आणि सेंद्रिय कर्बाला धरून वरच्या वीतभर थरातच बसून राहतं. घडांबरोबर आणि छाटलेल्या काड्यांबरोबर बागेबाहेर जाणारं तांबं एकरी काही ग्रॅम, फार तर काही दहा ग्रॅम. पानं तर तिथंच गळतात. म्हणजे या खात्यात जमा रोजची आणि खर्च जवळपास काहीच नाही.

आता हिशेब. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं असतं. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना. भरल्या मांडवाला एकरी 400 लिटर पाणी लागलं, तर 4 किलो मोरचूद गेलं, म्हणजे 1 किलो तांबं. एकरभर रानाच्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन साधारण 9 लाख किलो भरतं. त्यात 1 किलो तांबं मिसळलं की मातीतलं तांबं एका पीपीएमनं वाढतं, किंचित जास्तच. हे झालं एका फवारणीचं. वर्षाला अशा दहा फवारण्या धरा, दहा वर्षं धरा, म्हणजे शंभर पीपीएम झाले. तुमची बाग दहा वर्षांपेक्षा कितीतरी जुनी आहे.

तयार पुड्यांचंही असंच काढता येतं. कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्क्यांचं येतं. लिटरला अडीच ग्रॅम घेतलं तर 400 लिटरला 1 किलो पावडर, म्हणजे अर्धा किलो तांबं. कॉपर हायड्रॉक्साइड 53.8 टक्क्यांचं असतं, पण तो टक्का हायड्रॉक्साइडचा, त्यात नुसतं तांबं 35 टक्केच. लिटरला दीड ग्रॅमनं 600 ग्रॅम पावडर लागली तर 210 ग्रॅमच्या आसपास तांबं पडतं. डब्यावरचा तांब्याचा टक्का आणि टाकीत पडलेलं वजन यांचा गुणाकार एवढाच काय तो हिशेब. शाळेतलं पोरही करील. पण बागायतदार करत नाहीत, कारण कुणी विचारत नाही.

युरोपात विचारतात. तिथं 2019 पासून नियम आहे की सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलोच्या वर तांबं घालायचं नाही. सरासरीनं वर्षाला हेक्टरी 4 किलो, म्हणजे एकरी 1.6 किलो. आपल्या एक टक्क्याच्या दोन भरगच्च फवारण्यांतच तो कोटा संपून वर जातो. आपल्याकडे दोन फवारण्या कधीकधी एका आठवड्यात होतात. त्यांचा पाऊस वेगळा, आपला वेगळा, हे मान्य. त्यांचा आकडा आपण जसाच्या तसा उचलावा असं मी म्हणत नाही. पण आपल्याला आपला स्वतःचा आकडासुद्धा माहीत नसावा, हे काही बरं नाही.

तांब्याचं वेड आलं तेही तिकडूनच. फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या मेदोक भागात बागायतदार रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून, हिरवट निळी पानं बघून माणसं हात लावायची नाहीत. 1882 साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या ध्यानात आलं, की त्याच ओळींवरची पानं टिकलीत आणि आतल्या बागेची केवड्यानं झडलीत. अमेरिकेतून आलेल्या खुंटांबरोबर हा रोग नुकताच तिकडे पोचला होता. तीन वर्षांत त्यांनी मिश्रणाचं प्रमाण बसवून ते जगापुढं मांडलं. द्राक्षचोरांसाठी केलेल्या युक्तीवर अख्ख्या जगाचा द्राक्षधंदा तरला, यात काही शंका नाही.

बेंगळुरूचाही यात वाटा आहे आणि तो इथल्या मराठी माणसांना सहसा माहीत नसतो. 1908 साली लेस्ली कोलमन नावाचे कॅनडाचे शास्त्रज्ञ म्हैसूर संस्थानच्या नोकरीत आले. मलनाडातल्या सुपारीवर कोळे रोग पडायचा, आपल्या कोकणातही बागायतदार त्याला याच नावानं ओळखतात. कोलमननी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या घोसांवर बोर्डो मारायला शिकवलं, आणि धुवांधार पावसात ते टिकावं म्हणून त्यात राळ आणि सोडा मिसळायची रीत बसवली. सुपारी वाचली. तेव्हापासून कर्नाटकात सुपारी, कॉफी, द्राक्षं, जिथं पाऊस आणि बुरशी तिथं निळं पिंप ठरलेलं. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. फक्त शंभर वर्षांत पिंपं किती रिकामी झाली याची बेरीज कुणी ठेवली नाही.

आता तुमच्या बागेकडे येतो. तुमच्याकडे आहे बेंगळुरू ब्लू. मराठी मुलखात तिला कुणी फारसं विचारत नाही. आपल्याला थॉमसन, सोनाका, शरद यांचं कौतुक. पण इकडच्या लोकांची तीच खरी जात आहे. उग्र वासाची, बियांची, रसाला आणि वाइनला चालणारी. बेंगळुरू शहर आणि ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार या पट्ट्यात ती दीडशे वर्षांच्या आसपास आहे, आणि 2013 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. करप्याला ती दाद देत नाही, केवड्याला मात्र बळी पडते. त्यात इथलं हवामान. आमच्याकडे गोडी छाटणी झाली की पुढं बहुतेक कोरडी हवा असते, अवकाळी आला तर तेवढ्यापुरती धावपळ. इथं मे महिन्यापासून पाऊस सुरू होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तर सगळ्यात जास्त पडतो. वर ही जात वर्षाला दोन पिकं देते. दोन पिकं म्हणजे दोन छाटण्या, दोनदा पोंगा, दोनदा फुलोरा आणि दोनदा केवड्याची भीती. तांब्याचं खातं इथं आमच्यापेक्षा भराभर भरतं ते यामुळं.

त्यातून माती तांबडी. आमचं काळं रान चुनखडीचं, सामू आठच्या घरात, चिकणमाती भरपूर. त्यात पडलेलं तांबं जखडून राहतं, मुळांना सहज मिळत नाही. तुमची माती वाळूमिश्रित तांबडी, सेंद्रिय कर्ब कमी, सामू सहाच्या आसपास किंवा खालीसुद्धा. आंबट मातीत तेच तांबं मोकळं होऊन मुळांशी जातं. म्हणून नाशिक-सांगलीचा पाहुणा येऊन ‘आमच्याकडे आम्ही इतकं मारतो, काही होत नाही’ असं म्हणाला, तर चहा पाजा आणि सोडून द्या. त्याचं खरं आहे, पण ते त्याच्या मातीपुरतं.

होतं काय, ते विचाराल. जुन्या वेलींना फारसं काही होत नाही, आणि फसवणूक तिथंच आहे. त्यांची मुळं खोल, तांब्याच्या थराखाली. वरून बाग हिरवीगार दिसते. पण दोन-चार वेली मेल्या आणि तिथं तुम्ही डॉगरीजचे नवे खुंट लावलेत, की खोट दिसायला लागते. कोवळी मुळं पहिली दोन वर्षं त्याच वीतभर थरात चाचपडतात. मुळांची टोकं आखूड, जाडसर आणि तपकिरी होतात, पांढरं केसमूळ सुटत नाही. पानं शिरा सोडून पिवळी पडतात, लोहाची कमतरता असते तशी. मग सल्लागार लोहाचं चिलेट लिहून देतो, माळी ते ठिबकमधून सोडतो, चार दिवस पान हिरवं होतं आणि परत पिवळं पडतं. असं दिसलं की चिलेटाची दुसरी बाटली आणण्याआधी खुरपं घ्या आणि मुळी उकरून बघा. शेजारच्या जुन्या वेलीखाली गांडूळ आहे का तेही बघा. शेणखत घालूनही ज्या बोदात गांडूळ फिरकत नाही, तिथं तांब्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

माती परीक्षणाचा कागद मात्र तुम्हाला गाफील ठेवील. 2015 पासून सरकारी मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यावर बारा गोष्टी असतात, तांबंही असतं. पण तिथं तांब्याचा प्रश्न एकच विचारलेला असतो, की कमी आहे का पुरेसं. डीटीपीए नावाच्या द्रावणात जेवढं तांबं सुटतं तेवढं मोजतात, आणि 0.2 पीपीएमच्या वर गेलं की ‘पुरेसं’ म्हणून शिक्का मारतात. 0.5 आलं तरी पुरेसं, 25 आलं तरी पुरेसंच. जास्त झालंय, असं म्हणायला त्या कागदावर जागाच नाही. कागद चुकीचा नाही. गहू-ज्वारीच्या रानासाठी तो बेतलाय, जिथं तांबं कमीच पडण्याची भीती असते. द्राक्षबागेनं तो वेगळ्या डोळ्यांनी वाचायला हवा. बागेच्या जुन्या मालकाकडं असे जुने कागद असतील तर मागून घ्या आणि फक्त तांब्याचा आकडा वर्षावार मांडा. तो चढत असेल तर शिक्क्यावर काय लिहिलंय ते वाचू नका.

आणि प्रयोगशाळेत ‘एकूण तांबं’ वेगळं मागावं लागतं. माती ॲसिडात शिजवून ते काढतात, पैसे थोडे जास्त पडतात. अंदाज यावा म्हणून दोन आकडे ध्यानात ठेवा. युरोपभरच्या मातीची मोठी पाहणी झाली, तेव्हा सगळ्या जमिनींची सरासरी 17 पीपीएमच्या आसपास निघाली आणि द्राक्षबागांची 49. सांडपाण्याचा गाळ शेतात घालण्यापुरता त्यांचाच एक जुना नियम आहे, सामू 6 ते 7 असलेल्या मातीत तांब्याची हद्द 50 ते 140 पीपीएमच्या दरम्यान धरा असा. आणि टोकाचं उदाहरण हवं असेल तर दक्षिण ब्राझीलचं घ्या. तिथं पाऊस भरपूर, माती आंबट आणि द्राक्ष इझाबेला, म्हणजे आपल्या बेंगळुरू ब्लूच्या कुळातलंच. तिथल्या जुन्या बागांतून हजाराच्या वर पीपीएम तांबं मोजलं गेलंय. पाऊस, माती आणि जात तिन्ही जुळतात म्हणून त्यांच्याकडं बघा. फ्रान्सपेक्षा ते आपल्याला जवळचे.

इतकं ऐकून बोर्डोचं पिंप फेकून देऊ नका. केवड्यावर तांब्याइतकं स्वस्त आणि भरवशाचं दुसरं काही नाही. आंतरप्रवाही औषधांना बुरशी सरावते, तांब्याला इतक्या वर्षांत सरावली नाही. म्हणूनच ते पुरवून वापरायचं.

पहिली गोष्ट म्हणजे नीट बनवायचं. मोरचूद घेताना खडे बघा. गडद निळे आणि चकचकीत हवेत. हिरवट झाक दिसली तर हिराकस मिसळलेली असू शकते. चुना कळीचा, ढेकळाचा, ताजा. पोत्यात भुकटी होऊन पडलेला जुना चुना हवा खाऊन मेलेला असतो, तो मोरचुदाला मारत नाही. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत भिजवा, लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात मोरचूद टाकलंत तर भांडं जाईल आणि औषधही. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या दुधाळ पाण्यात बारीक धारेनं ओता आणि ढवळत राहा. चुना मोरचुदात ओतायचा नाही, क्रम तोच ठेवा. झालं की घासून लख्ख केलेला खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं राहिलंय, चुना आणखी घाला, नाहीतर कोवळं पान भाजेल. खिळा पांढरा निघाला की कापडातून गाळून घ्या आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी ते नुसतं निळं पाणी असतं, खाली बसलेलं, पानाला न धरणारं. शिळं बोर्डो मारलं, धुऊन गेलं, म्हणून परत मारलं, असं करत दुप्पट तांबं मातीत जातं.

दुसरं, वेळ. तांबं पानाच्या वर बसून राखण करतं. पानाच्या आत शिरलेल्या बुरशीला ते काही करू शकत नाही. पानावर तेलकट डाग आणि खाली पांढरी लव दिसल्यावर बोर्डो मारणं म्हणजे वरातीमागून घोडं. तेव्हा पाऊस येण्याआधी, पान कोरडं असताना, बस्स. लव दिसली तर त्या वेळी दुसरं आंतरप्रवाही औषध जाणकाराला विचारून घ्या आणि तांबं मागं ठेवा.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तिकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष. पोंगा अवस्थेत वेलीवर पान असतं नखाएवढं. माळी मात्र नेहमीची टाकी भरतो, ब्लोअरचे सगळे नोझल सोडतो आणि एकरी तेवढंच पाणी मारून मोकळा होतो. त्यातलं बहुतेक सरळ जमिनीवर पडतं. त्या वेळी वरचे नोझल बंद करा, पाणी अर्ध्यावर आणा, आणि एक टक्क्याऐवजी अर्ध्या टक्क्याचं बोर्डो घ्या. एवढ्यानंच त्या फवारणीचं तांबं चौथाईवर येतं. पुढं पान भरल्यावरसुद्धा माळ्याला सांगा, पानाच्या टोकाला थेंब लोंबायला लागला की पुढं सरकायचं. लोंबलेला थेंब पानाचा नाही, मातीचा. माणूस जुना असेल तर ऐकणार नाही. त्याला ‘भिजलं पाहिजे’ असंच शिकवलेलं असतं. तेव्हा तुम्ही स्वतः त्याच्यामागं चार ओळी चाला. आणि त्याला तोंडाला चांगला मास्क द्या, फडकं नाही. पोर्तुगालमध्ये बोर्डो फवारणाऱ्यांच्या फुप्फुसांचा एक आजारच डॉक्टरांनी 1969 मध्ये नोंदवलाय.

मांडव मोकळा ठेवलात तर निम्मं काम औषधाविना होतं. काडीची विरळणी वेळेवर, घडाजवळची दोन पानं काढलेली, सकाळचं ऊन आत उतरणारं. ओलं पान जितक्या लवकर वाळेल तितका केवडा कमी. आणि दोन पिकांपैकी ज्याचा फुलोरा ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, ते पीक खरंच परवडतं का, हे एकदा औषधाच्या बिलासकट मांडून बघा. माझं मत विचाराल तर परवडत नाही. पण ते तुमचं रान आणि तुमचं कर्ज.

तांब्याची आळवणी कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. मूळकुजीवर कॉपर ऑक्सिक्लोराइड बुंध्याशी ओतायची सवय फार पसरलीय. पानावरचं तांबं मातीत जायला वेळ तरी लागतो, हे तर थेट मुळांच्या तोंडावर. शिवाय त्याच बुंध्याशी तुम्ही आठ दिवसांपूर्वी ट्रायकोडर्मा सोडलेला असतो. तोही बुरशीच आहे, तांबं त्याला सोडत नाही. छाटणीच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावा, ब्रशनं. तिथं तांबं चिमूटभर लागतं आणि काम पुरेपूर होतं.

आता आधीच मातीत बसलेल्याचं काय? काढून टाकता येत नाही. माती उपसून नेणारे लोक परदेशात असतील, आपल्याला ते जमायचं नाही. पण त्याला बांधून ठेवता येतं. सामू सहाच्या खाली असेल तर परीक्षण करून शेतीचा चुना द्या, साडेसहा-सातपर्यंत आला की तांब्याचा जोर ओसरतो. आणि सेंद्रिय कर्ब वाढवा. चांगलं कुजलेलं शेणखत, ताग, बोदांवर आच्छादन. कर्ब तांब्याला धरून ठेवतो. कोंबडीखत मात्र जपून. इकडे ते स्वस्तात मिळतं आणि लोक ट्रॉल्या रिकाम्या करतात, पण कोंबड्यांच्या खाद्यात तांबं घातलेलं असतं आणि ते खतात उतरतं. नवी वेल लावताना खड्ड्यातली वरची माती बाजूला काढा आणि मांडवाबाहेरची माती भरा. दोन ओळींमध्ये गवत राहू द्या, पावसानं वरचा थर वाहून शेजारच्या तळ्यात गेला तर प्रश्न मिटत नाही, तळ्याचा होतो.

त्या गवतावर मेंढरं मात्र सोडू नका. हा कानमंत्र इथं कुणी देत नाही. चिक्कबळ्ळापूर-कोलारकडचे धनगर उन्हाळ्यात कळप घेऊन येतात, खत मिळतं म्हणून बागायतदार त्यांना बसवून घेतात. बाकीच्या जनावरांना जेवढं तांबं पचतं तेवढं मेंढराला पचत नाही. ते त्याच्या यकृतात साठत जातं, महिनोन्‌महिने काही दिसत नाही, आणि एक दिवस लघवी लालसर काळी होऊन जनावर पडतं. कळप हवाच असेल तर उघड्या रानात बसवा, फवारलेल्या मांडवाखाली नको. मेंढी मेली तर धनगर तुमच्या दारात येईल आणि त्याचं चूक नसेल.

औषध कालवायची जागा ही बागेतली सगळ्यात विषारी जागा असते. पिंपाभोवती निळ्या कडा धरलेल्या, तिथं हरळीसुद्धा उगवत नाही. ती जागा विहिरीपासून, बोअरपासून आणि घरापासून लांब न्या, खाली सिमेंटचा कट्टा करा, आणि टाकी धुतलेलं पाणी रोज त्याच कोपऱ्यात ओतू नका, विरळ करून मांडवावरच फवारा.

तुम्ही बाग सेंद्रिय करायचं म्हणत होतात. करा. पण सेंद्रिय म्हणजे तांबं नाही असं समजू नका. प्रमाणपत्रवाल्यांच्या यादीत तांब्याला परवानगी आहे, अटींसकट. बाकीची औषधं बंद झाली की सगळा भार तांब्यावर येतो, आणि कितीतरी सेंद्रिय बागांत शेजाऱ्यापेक्षा जास्त तांबं पडतं. ग्राहकाला लेबल दिसतं, माती दिसत नाही. पावसावर प्लास्टिकचं छत घालणं, नाशिककडे आता ते होऊ लागलंय, किंवा हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेल्या अर्का जातींतली कुठली तुमच्या रानात टिकते ते विचारणं, हे खर्चाचं आणि धीराचं काम आहे, पण सेंद्रिय करायचं तर सुरुवात तिथून.

भाचीला काळजी आहे की घडावरचं तांबं पोरांच्या पोटात जाईल. तिला सांगा, घड तोडण्याआधी महिनाभर निळं पिंप बाहेर काढायचं नाही आणि द्राक्षं वाहत्या पाण्यात धुवायची. मातीतून तांबं फळात फारसं चढत नाही, फळ बिघडायच्या कितीतरी आधी वेलच खंगते. ताटाचा प्रश्न लहान आहे, रानाचा मोठा. विमानतळ झाल्यापासून देवनहळ्ळीकडच्या कितीतरी बागा मोडून तिथं प्लॉट पडले, कुठं पालक-कोथिंबीर लागली. बाग मोडली तरी मातीतलं तांबं तिथंच राहतं आणि नव्या पिकाच्या मुळाशी लागतं. तुम्ही शेजारचा दीड एकर घ्यायचं म्हणताय, तो ‘पडीक, रसायनमुक्त’ म्हणून दलाल विकतोय. त्याच्या बांधावर मोडून पडलेले खांब आहेत, ते जाऊन बघा.

छाटणीच्या आधी एवढं करा. तीन पिशव्या मातीच्या भरा. एक जुन्या वेलीच्या बोदावरची वरची वीतभर, एक त्याच खड्ड्यातली त्याखालच्या वीतभराची, आणि एक बांधाबाहेरची, जिथं कधी फवारणी झाली नाही तिथली. लोखंडी फावडं चालेल, पण माती तांब्या-पितळेच्या घमेल्यात घेऊ नका. हेसरघट्ट्याला न्या नाहीतर बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात, जीकेव्हीकेला, आणि अर्जावर सामू, सेंद्रिय कर्ब, डीटीपीए तांबं आणि एकूण तांबं असं चारही स्पष्ट लिहा. निकाल आला की मला फोन करा, शिक्का काय मारलाय ते सांगू नका, आकडे सांगा.